लवकरची रांग

जुनवानी, भिलाई
तान्हा पोळा

प्रिय अनुजा,

हाताने लिहिलेलं पाकीट पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आता जितकं असू शकतं तितकं. हे फोनवर सांगता येत नाही. फोन वाजला की तुझे बाबा माझ्या आधी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. मेसेज आला तर मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी तो मोठ्याने वाचून काढलेला असतो. म्हणून पोस्ट. ते जेवून झोपले आहेत, तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते. अक्षर वाकडं आहे. फळ्यावर लिहिणं सुटलं तशी कागदावरचीही सवय गेली.

आधी साध्या बातम्या. काल पोळा झाला. बेसनाची ठेठरी तळली, जरा कडक झाली. आज सकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, तर बाबांनी बैल उलटा करून चाकं पाहिली आणि विचारलं, "याचा ब्रेक कुठी हाय रे?" पोरं हसून लोळली. स्मृतीनगरकडचा रस्ता पुन्हा खोदला आहे. मराठी मंडळाचे श्यामराव गुडघ्याला पट्टा बांधून येऊन गेले, गणपतीत तू येणार का विचारत होते. मी म्हटलं, येईल. तुला न विचारता म्हटलं. पेटंटचा तो आदेश आल्यापासून तू बाबा आंघोळीला गेले असतील अशाच वेळेला फोन करतेस, हे माझ्या लक्षात आलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिल्यापासून लिहायला हवं, कारण तुला यातले तुकडेच ठाऊक आहेत. प्लांटचं क्वार्टर सोडून आपण या घरात आलो त्याला बराच काळ झाला. तरी गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता एकदा बाबा भाजी घेऊन निघाले ते सरळ सेक्टर १० ला. जुन्या क्वार्टरच्या फाटकाची कडी काढली, अंगणातल्या नळाखाली पाय धुतले, ओट्यावर पिशवी ठेवली आणि आतून बाई बाहेर आली तेव्हा तिलाच विचारलं, "कोण पाहिजे जी तुमाले?" भली बाई होती. खुर्ची दिली, चहा दिला, पिशवीत बिल होतं त्यावरच्या नंबरवरून दुकानदाराला आणि दुकानदाराकरवी मला निरोप दिला. मी पोचले तेव्हा ते तिला सांगत होते की मोरीची जाळी बदलून घे, तिथून उंदीर येतो. जाळीचं बरोबर होतं. उंदीर तिथूनच यायचा.

डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. वजाबाकी त्यांनी माझ्याहून लवकर केली. वार सांगता आला नाही. बाहेर डॉक्टर मला म्हणाले की हे पुढेच जाणार, मागे येणार नाही, वेग सांगता येत नाही. त्यांच्याकडून काही करून घ्यायचं असेल तर लवकर करून घ्या. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी विचार केला की या माणसाला करून काय घ्यायचं आहे? तीर्थयात्रा नको, परदेश नको, नवा शर्ट आणला तर जुनाच बरा म्हणतो. एकच गोष्ट होती. त्यांनी घडवलेल्या खिट्टीला पेटंट मिळावं, त्या कागदावर आपलं नाव असावं आणि ते नाव आपलं आहे हे कळत असताना तो कागद हातात यावा. अर्ज तेव्हा रायपूरला प्रफुलने नुकताच भरलेला होता.

खिट्टी कुठून आली ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. हल्ली आठवणी लिहून ठेवलेल्या बऱ्या वाटतात. प्लांटमधून निवृत्त झाल्यावर बाबा दगड फोडून गिट्टी करणाऱ्या एका क्रशरवर मेंटेनन्स पाहायला जात होते. तिथे फिरत्या पट्ट्याखालची सांडलेली गिट्टी ओढताना सुखराम नावाच्या मजुराची बाही पट्टा आणि रूळ यांच्या मधल्या फटीत गेली. बाहीमागून हात गेला. थांबवायची दोरी होती, पण ती ओढायला दुसरा हात पोचायला हवा ना. बाबांनी धावत जाऊन पट्टा बंद केला आणि घरी येऊन त्या दिवशी जेवले नाहीत. मग अंगणात त्यांचं ठाकठोक सुरू झालं. फटीच्या तोंडाशी एक हलका रूळ, गिट्टी त्याच्याखालून जाते. कापड किंवा हात शिरला की रूळ उचलला जातो, डब्यात अडकवून ठेवलेली खिट्टी सुटते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. वीज नको, तार नको, माणसाने काही ओढायला नको. मी बी.एस्सी. आहे, गणित शिकवण्यात जन्म गेला, पण ती खिट्टी पहिल्यांदा सुटली तेव्हा माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं, इतकी ती झटकन सुटली.

तर प्रफुल. मूळचा वर्ध्याकडचा, हसरा मुलगा, रायपूरला पेटंटच्या अर्जांचंच काम करतो. त्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं, "काकू, अर्ज भरला म्हणून तिकडे कोणी वाचत नाही. तपासा म्हणून वेगळी विनंती करावी लागते. ती साध्या रांगेत लावली तर वर्षं जातात. लवकरच्या रांगेत लावायची तर कारण लागतं." मी म्हटलं, कारण आहे, माणूस आजारी आहे. तो म्हणाला, ते कारण यादीत नाही. मी म्हटलं, वय? तेही नाही. मग कोणतं आहे? नवी स्टार्टअप कंपनी असेल तर, छोटा उद्योग असेल तर, सरकारी खातं असेल तर, जपानमार्गे आलात तर, किंवा अर्जदारांत एक बाई असेल तर. बाबा ऐकत होते. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हातारा असला तं नाई, बिमार असला तं नाई, बाई असली तं हाव? मंग तं आपलं काम घरीच झालं! काय वं प्रेमला?" प्रफुलही हसला. मी हसले नाही.

मी सही करणार नाही असं तिथेच सांगितलं. खिट्टी मी केली नव्हती. दुसरीच्या वहीवर आपलं नाव घालणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे, आणि आता म्हातारपणी तेच मी करायचं? प्रफुलने समजावलं की संशोधक म्हणून काकांचंच नाव राहील, ते हक्कातला वाटा तुमच्या नावे लिहून देतील, तुम्ही फक्त सह-अर्जदार, हे पूर्ण कायदेशीर आहे. असेल. पण बायकांसाठी ते दार कोणीतरी विचार करून उघडलं असेल, बायकांनी काही करावं म्हणून. नवऱ्याला आत ढकलण्यासाठी नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. बसमध्ये बाबा म्हणाले, "राहू दे. तू काई आयकत नाईस, हे मले लग्नातच समजलं होतं."

मग बाकीचे रस्ते पाहिले. हेमराज आला, बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याची स्वतःची छोटी कंपनी आहे, स्टार्टअप म्हणून नोंदलेली. जिलेबी घेऊन आला, पाया पडला, म्हणाला, "काकाजी, मेरी कंपनी के नाम से डाल दो, फटाफट हो जाएगा." बाबांनी विचारलं, मायं नाव कुठी राहीन? "बनानेवाले में आपका ही नाम रहेगा काकाजी, मालिक में कंपनी का." बाबांनी जिलेबी संपवली, बशी धुऊन ठेवली. तो गेल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण त्याच्या कंपनीचं उद्या का होईन, कोणं पाह्यलं? तुयं का होईन ते मले मालूम हाय." छोट्या उद्योगाचाही विचार झाला. व्हरांड्यात एक पाटी लावा, नोंदणी करून घ्या, असं कुणीतरी सुचवलं. ज्या व्हरांड्यात वाळवणं घालते तिथे कारखाना आहे अशी पाटी माझ्या घराला लागणार नाही, असं मी सांगितलं. जपान तर राहूच दे.

आणि मग तुझा फोन आला. तुझे शब्द मला पाठ आहेत. "आई, तुझ्या तत्त्वांकडे वेळ आहे, बाबांकडे नाही." तू फोन आपटलास. मी भाजी चिरत होते ती पूर्ण चिरली, फोडणी दिली, बाबांना वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने आम्ही रायपूरला गेलो. तू रागावलीस म्हणून नाही गेले. तू म्हणालीस ते बरोबर होतं म्हणून गेले. मी सही केली. बाबांनी कागद ओढून घेऊन मोठ्याने वाचला, "अर्जदार दोन, प्रेमला. पत्ता, हाच." मग प्रफुलला म्हणाले, "पाह्य बाप्पा, इतक्या वर्षांनी बाईनं पत्ता कबूल केला." येताना गाडी चरोद्याला बराच वेळ उभी होती. यार्डात मालगाडीचे डबे जोडत होते. प्रत्येक डबा जोडला जाताना जो खणखणाट होतो त्यावर बाबा मान डोलवत होते, आणि मला वाटत होतं, बरं झालं. खरं सांगते, त्या एका दिवशी मला वाटलं होतं की आता हे होईल.

लवकरची रांग खरंच लवकरची निघाली. पावसाळा सरायच्या आत प्रफुलचा फोन, तपासणीचा अहवाल आला म्हणून. आवाजात आनंद होता, "बघा काकू, साध्या रांगेत असतो तर अजून कोणी फाइल उघडली नसती." मग तो वाचत गेला आणि आवाज बदलत गेला. तपासणाऱ्याने जुने अर्ज शोधले, पुस्तकं शोधली, काही मिळालं नाही. मग त्याने इंटरनेटवर शोधलं. तुझा व्हिडिओ मिळाला.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षीचा मंडळाचा देखावा. तुला तर आठवतच असेल, तूच उभी होतीस मोबाइल धरून. मंडळाने ठरवलं की या वर्षी थर्माकोलचा किल्ला नाही, आनंदरावांचा पट्टा. पट्ट्यावरून झेंडूची फुलं जायची आणि गणपतीच्या पायाशी पडायची. मधेच श्यामराव गवत भरलेला हातमोजा फटीत सरकवायचे. रूळ उचलला जायचा, खट् आवाज व्हायचा, पट्टा थांबायचा, फुलं जागच्या जागी. अख्खा हॉल टाळ्या वाजवायचा. सुखराम पुढच्या ओळीत बसायचा, एका बाहीला पिन लावलेली, आणि मांडीवर एकाच हाताने थापा मारायचा. आरतीनंतर बाबा माइक घेऊन समजावून सांगायचे, आधी मराठीत, मग हिंदीत, मग छत्तीसगढीत, आणि पोरं फार मागे लागली की डब्याचं झाकण काढून खिट्टीही दाखवायचे. तू ते सगळं टिपलंस आणि 'माझ्या बाबांचा पट्टा' असं नाव देऊन टाकलंस. बाबांनी कितीदा पाहिला असेल तो! मीही पाहिला. तुमच्या माघारी.

अर्ज भरण्याआधी प्रफुलने विचारलं होतं, अगदी नीट विचारलं होतं. कुठे छापून आलं आहे का, विकलं आहे का, कुठल्या कारखान्यात लावलं आहे का? आम्ही दोघांनी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. छापलं नव्हतं, विकलं नव्हतं, लावलं नव्हतं. गणपतीपुढे ठेवलं होतं. गणपतीपुढे ठेवण्याला जगासमोर मांडणं म्हणतात हे आमच्या डोक्यात आलंच नाही. मंडळ म्हणजे आपलं घर. इतक्या लांब येऊन वसलेल्या माणसांना दुसरं घर कुठलं? तिथे चकलीचा नवा साचाही दाखवतात, नवी सूनही दाखवतात. पण कायद्याला मंडळ समजत नाही. अर्जाच्या आधी लोकांनी पाहिलं म्हणजे ते नवं राहिलं नाही. सरकारने ठरवलेल्या प्रदर्शनाला सवलत आहे म्हणे, तीही वर्षभराची. आपल्या गणपतीला नाही.

तरी प्रफुलने एक बारीक जागा शोधली. व्हिडिओत रूळ दिसतो, पट्टा थांबतो, पण आतली खिट्टी नीट कळत नाही, झाकण काढतात तिथे चित्र अंधारं आहे. म्हणजे खरा शोध लोकांना दिसलाच नाही, असं म्हणता येईल. सुनावणी मोबाइलवरच होती. प्रफुल रायपूरहून, अधिकारी बाई मुंबईहून, आणि आम्ही दोघं इथून, तुझ्या अभ्यासाच्या टेबलाशी. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. काही बोलायचं नाही, फक्त नमस्कार करायचा, असं त्यांना मी आणि प्रफुलने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. प्रफुल छान बोलला. अधिकारी बाई तरुण होती, आवाजात मार्दव होतं. ती म्हणाली, एकदा तो भाग पाहू या, आणि पडद्यावर तुझा व्हिडिओ सुरू झाला.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, हे तं मीच हाव! मॅडम, हा मी हाव. तवा केस होते." मी त्यांचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला. प्रफुल म्हणाला, काका, एक मिनिट. पण त्यांना कोण थांबवणार? "मॅडम, थोडं पुढं घ्या ना. पुढं मी झाकण उघडतो. आंधारं दिसते, पण खिट्टी हेच हाय, अर्जात हाय तेच. तिचं नाक कसं वाकवलं तेबी मी सांगतलं, आवाज वाढवून आयका." बाईने आवाज वाढवला. ते ऐकू येत होतं, अनुजा. तीन भाषांत. व्हिडिओतले बाबा आणि खुर्चीतले बाबा एकदम बोलत होते, तेच शब्द, तोच हात फिरवणं. अधिकारी बाईने व्हिडिओ थांबवला. मग म्हणाली, "आनंदरावजी, आपने बहुत अच्छी चीज़ बनाई है." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या नंबराने पास झालेला मुलगा आईकडे पाहतो तसं. प्रफुलच्या चौकटीत नुसतं छत दिसत होतं. त्याने मोबाइल खाली ठेवला होता.

त्यांना खोटं बोलायचं सुचलं नसतंच. डोकं शाबूत असतं तरी सुचलं नसतं, फार तर गप्प बसले असते. मी त्यांना दोष देत नाही. पुढचे काही दिवस ते येईल त्याला सांगत होते की मॅडमनी स्वतः तारीफ केली, आता कागद येतोच.

आदेश आला. नामंजूर. वर दाद मागता येते, पण प्रफुलने स्वतःच सांगितलं, "काकू, हातात काही नाही. काकांनी स्वतः कबूल केलं आहे आणि ते नोंदलं गेलं आहे." मी कुठलीही गोष्ट लपवणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. मी बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं, का, कसं, कोणत्या कारणाने. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपण देवाले दाखवलं म्हनून?" मी म्हटलं, हो. ते उठून अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाखाली पाठ करून उभे राहिले. चहाला हाक मारली तर आले, प्यायले. मला वाटलं, झालं. वाईट झालं, पण झालं.

सकाळी त्यांनी विचारलं, "मुंबईवरून आलं काय?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न, देवाले दाखवलं म्हनून? पुन्हा पेरूचं झाड. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी शिक्षिका, मला वाटलं, घोकून घेतलं की बसेल. अनुजा, ते बसत नाही. वार बसत नाही, माझं जेवण झालं की नाही ते बसत नाही, आणि हेही बसत नाही. आशा तेवढी पक्की बसली आहे, ती कशी कोण जाणे पुसत नाही. त्यामुळे रोज सकाळी त्यांना ती बातमी पहिल्यांदाच कळते. रोज त्यांचा चेहरा तसाच उतरतो, पहिल्या दिवसाइतकाच. आणि रोज ती बातमी मी देते, कारण मी खोटं बोलत नाही.

आता तुझ्याबद्दल. व्हिडिओ तू टाकलास म्हणून हे झालं असं तुझ्या मनात आहे. तुझं समाधान करायला मी काहीबाही लिहिणार नाही. व्हिडिओ नसता तर कदाचित त्यांना सापडलं नसतं. पण दाखवलं ते दाखवलंच होतं, हॉलभर माणसांना, आणि कोणी विचारलं असतं तर बाबांनीच सांगितलं असतं. तू बापाचं कौतुक केलंस. ती चूक असेल तर अख्ख्या मंडळाची आहे, श्यामरावांच्या हातमोज्यापासून माझ्या टाळ्यांपर्यंत. मला छळतं ते दुसरंच. आपण किती भांडलो, कोणता रस्ता लवकरचा, कोणता बरा, हेमराजचा की माझा. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला हाच नकार बसलेला होता. साध्या रांगेतही तो आलाच असता, पण कधीतरी काही वर्षांनी. तोवर त्यांना तो कळला नसता. तोवर ते नुसते वाट पाहत राहिले असते, रोज शर्टाला इस्त्री करून. आपण धावत जाऊन तो घेऊन आलो.

परवा सकाळी दूध उतू गेलं. मी फडकं शोधत होते आणि मागून प्रश्न आला, "मुंबईवरून आलं काय?" माझ्याच्याने झालं नाही. मागे न वळता म्हटलं, नाही, तपासणी चालू आहे. मी वाट पाहत राहिले की आता काय म्हणतात. ते म्हणाले, "आतापावतर? मंग तू सही केली नसशीन. तुयं नाव टाकलं असतं तं लवकरच्या लायनीत लागलो असतो. पण तू कायले आयकते!" आणि हसले. किती महिन्यांनी हसले. मग दिवसभर तेच चालू होतं. दूधवाल्याला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, की बाई शिकलेली हाय, तत्त्वाची हाय, म्हणून आमचं काम साध्या लायनीत पडून हाय. पेरूच्या झाडाखाली गेले नाहीत. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. काल सकाळी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं, ते पुन्हा हसले.

म्हणून हे पत्र. गणपतीला तू येशील तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत ते तुला विचारतील, "अनु, आपल्या पेटंटचं का झालं वं?" तेव्हा तू रडायचं नाहीस, माफी मागायची नाहीस, व्हिडिओचं नाव काढायचं नाहीस. म्हणायचं, तपासणी चालू आहे. इतका उशीर कावून, असं ते विचारतील. म्हणायचं, आईने सही केली नाही, म्हणून आपण साध्या रांगेत आहोत. तुला हे जड जाईल, ती सही कोणी करवून घेतली हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. श्यामराव, हेमराज, सुखराम, तिघांनाही मी सांगून ठेवलं आहे. हे लोकांना पटेल का, असं मी विचारलं, तर तिघेही म्हणाले, एकदम पटेल. आदेशाचा कागद प्रफुलकडेच आहे, तो घरी आणणार नाही. बाबा मला आडमुठी म्हणतील, तुला बाजूला बसवून माझ्या तक्रारी सांगतील, लग्नापासूनच्या. सांगू दे. तूही त्यांच्या बाजूने बोल. जरा मोठ्याने बोल, मी स्वयंपाकघरात असेन, मला ऐकू यायला हवं.

तुझीच,
आडमुठी आई